नाव तुमचं, मजकूर कोणाचा?

"सर, चॅटजीपीटी वापरलं तर चालेल का?"

ओपनएआय या अमेरिकी कंपनीनं ३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी सगळ्यांसाठी खुलं केलं आणि बघता बघता हा प्रश्न कॉलेजाकॉलेजांत ऐकू यायला लागला. विद्यार्थी तो बहुतेक वेळा सबमिशनच्या आदल्या दिवशी विचारतात. पालकांची शंका वेगळी असते: पोरगी रात्रभर मोबाइलवर अभ्यास करते म्हणते, तो अभ्यास म्हणायचा की कॉपी? आणि स्टाफरूममध्ये चहा पिताना कोणीतरी म्हणतंच, की एवढं सफाईदार इंग्रजी ह्याला कधीपासून यायला लागलं? तिघंही फिरून एकाच ठिकाणी येतात. पण 'चालेल' किंवा 'चालणार नाही' असं एका शब्दात सांगता येत नाही, कारण कशासाठी वापरलं यावर सगळं अवलंबून आहे. ते समजायला आधी यंत्राकडे बघू, मग कॉलेजकडे वळू.

१. यंत्राला नेमकं काय येतं?

'पावसात भिजून घरी आलो आणि आईनं गरमागरम...' हे वाक्य कोणीही पुरं करील. चहा म्हणाल, भजी म्हणाल, फार तर कढी म्हणाल. 'गरमागरम छत्री' असं कोणी म्हणणार नाही. चॅटजीपीटी, जेमिनी, क्लॉड या चॅटबॉटांच्या मुळाशी हेच काम आहे. प्रचंड मजकूर वाचवून यंत्राला एकच गोष्ट घटवून घेतलेली असते: इथवरचा मजकूर असा असेल, तर पुढे काय येण्याची शक्यता किती? समजा 'चहा'ला शंभरात पंचेचाळीस, 'भजी'ला तीस, बाकीच्यांना उरलेले. यंत्र त्यातून एक निवडतं, वाक्याला जोडतं आणि पुन्हा तोच हिशेब मांडतं. दर वेळी सर्वांत वरचाच पर्याय घेत नाही, म्हणून तोच प्रश्न दोनदा विचारला तर उत्तर थोडं वेगळं येतं. हे सगळं अख्ख्या शब्दांवर चालतं असंही नाही. लांब शब्दाचे तुकडे पाडून एकेक तुकडा पुढे ठेवला जातो. २०१७ मध्ये गूगलच्या संशोधकांनी 'ट्रान्सफॉर्मर' नावाची रचना मांडली. वाक्यातल्या, परिच्छेदातल्या सगळ्या तुकड्यांचा एकमेकांशी असलेला संबंध तिला एकाच वेळी तोलता येतो. आजचे चॅटबॉट त्याच रचनेवर उभे आहेत.

यानंतर आणखी एक शिकवणी होते. माणसं उत्तरं वाचून कोणतं बरं, कोणतं वाईट हे सांगतात आणि यंत्र त्यानुसार घडत जातं. त्यामुळे उत्तर नम्र येतं, मुद्देसूद येतं आणि फार ठाम येतं.

लग्नात नवरी उखाणा घेते तेव्हा चांदीचं ताट येतं, समई येते, प्राजक्त येतो, यमक जुळतं आणि शेवटी नाव घेतलं जातं. घरात खरंच चांदीचं ताट आहे का, हे बघायला कोणी स्वयंपाकघरात जात नाही. उखाणा जमला, की टाळ्या पडतात. चॅटबॉटचं उत्तर असंच जमतं. पुष्कळदा ते खरंही असतं, कारण ज्या मजकुरावर ते शिकलं त्यात खऱ्या गोष्टी पुष्कळ होत्या. पण वाक्य जमणं आणि वाक्य खरं असणं या त्याच्या दृष्टीनं वेगळ्या गोष्टी नाहीत. अलीकडचे चॅटबॉट इंटरनेटवर शोध घेऊन दुवेही देतात. त्यानं फरक पडतो, पण दुवा खरा आणि त्यात नसलेलं विधान त्याच्या माथी मारलेलं, असंही घडतं.

२. अस्तित्वात नसलेले खटले

याचा सर्वांत गाजलेला दाखला कॉलेजातला नाही, कोर्टातला आहे. विमानात खाद्यपदार्थांची धातूची गाडी गुडघ्याला लागली म्हणून एका प्रवाशानं एव्हिआंका या विमान कंपनीवर दावा लावला आणि तो न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयात चालला. दाव्याची मुदत टळून गेली आहे, असं कंपनीचं म्हणणं. त्याला उत्तर देताना प्रवाशाच्या वकिलांनी जुन्या निकालांचे दाखले दिले. कंपनीच्या वकिलांनी ते शोधले, तर त्यातले कित्येक निकाल कुठेच सापडेनात. ते चॅटजीपीटीनं रचलेले होते. पक्षकारांची नावं, खटल्याचे क्रमांक, न्यायाधीशांची मतं, सगळं जागच्या जागी होतं. फक्त तसे खटले कधी उभे राहिलेच नव्हते. हे काम करणारे वकील नवखे नव्हते. तीस वर्षांची वकिली पाठीशी होती. त्यांनी खात्री करायचा प्रयत्नही केला होता, पण तो कसा? 'हा खटला खरा आहे का?' असं चॅटजीपीटीलाच विचारून. त्यानं 'हो' म्हणून सांगितलं.

जून २०२३ मध्ये न्यायाधीश पी. केव्हिन कॅस्टेल यांनी दोन वकील आणि त्यांची फर्म यांना मिळून ५,००० डॉलरचा दंड केला. निकालपत्रात त्यांनी एक गोष्ट स्पष्ट केली आहे: मदतीसाठी विश्वासार्ह एआय साधन वापरण्यात मुळात गैर काही नाही. पण कोर्टात जे दाखल होतं त्याच्या अचूकतेची राखण वकिलानंच करायची असते, आणि शंका घेतली गेल्यावरही हे वकील खोट्या निकालांना चिकटून राहिले, हे त्यांना जास्त लागलं.

कॉलेजच्या प्रकल्पात हाच प्रकार संदर्भसूचीत होतो. लेखकाचं नाव ओळखीचं, प्रकाशन पुण्याचं, साल पटण्याजोगं, आणि पुस्तक कुठेच नाही. तपासायला फार अक्कल लागत नाही, थोडी चिकाटी लागते. हे पुस्तक किंवा लेख अस्तित्वात आहे का, ते ग्रंथालयाच्या सूचीत किंवा त्या नियतकालिकाच्या अंकात बघायचं. त्याच लेखकाचा आहे का, ते बघायचं. मग ते पान उघडून तिथे खरंच तसं म्हटलंय का, हे वाचायचं. तिसऱ्या पायरीवर बहुतेकांचा उत्साह मावळतो आणि घोळ नेमका तिथेच सापडतो.

मराठीत काम करणाऱ्यांनी जास्त जपायला हवं. २०११ च्या जनगणनेनुसार मराठी मातृभाषा असलेले लोक ८ कोटी ३० लाख होते, पण इंटरनेटवर मराठी मजकूर त्या मानानं थोडा. तालुक्याचा इतिहास, एखादी बोली, गावच्या जत्रेची प्रथा, असल्या विषयांवर तर यंत्रानं वाचलेलं फारच थोडं. वाचलेलं थोडं असलं तरी वाक्य मात्र तेवढ्याच तोऱ्यात येतं.

३. मदत कुठवर? एक आठवडी बाजार

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. समजा, टी. वाय. बी. ए. भूगोलाच्या एका विद्यार्थिनीनं प्रकल्पासाठी तालुक्याच्या गावचा आठवडी बाजार घेतला आहे. चाळीस विक्रेत्यांच्या मुलाखती, तक्ते, नकाशा आणि निष्कर्ष, एवढं काम.

ती चॅटबॉटकडून प्रश्नावली करून घेते. यात वावगं काही नाही. वरच्या वर्गातल्या ताईकडून जुनी प्रश्नावली मागितली असती तर कोणी बोललं नसतं. वीस-बावीस प्रश्न मिळतात. एक असतो, 'आपले मासिक उत्पन्न किती?' दुसरा, 'आपण डिजिटल पेमेंट प्रणालीचा अवलंब करता का?' प्रश्न व्याकरणशुद्ध आहेत, पण बाजारात चालणार नाहीत. सोमवारी इथे, बुधवारी शेजारच्या गावी आणि शनिवारी तिसरीकडे बसणारी भाजीवाली महिन्याचा हिशेब ठेवत नाही. तिला विचारायचं असतं, आज किती माल आणला, किती उरला आणि उरलेला कोणत्या बाजाराला नेणार. डिजिटल पेमेंटचं म्हणाल, तर पाटीच्या कडेला स्कॅनर उभा केलेला दिसतोच. विचारायचं हे, की तो कोणाच्या खात्याचा? पुष्कळदा मुलाच्या नाहीतर जावयाच्या खात्याचा निघतो, आणि मग दिवसाचे पैसे हातात कधी पडतात ही खरी गोष्ट बाहेर येते. बसायची पावती कितीची फाडतात, हा प्रश्न तर यंत्राच्या यादीत नसतोच. विद्यार्थिनी पहिल्या बाजाराला जाऊन येते, निम्मे प्रश्न खोडते, नवे घालते. यंत्राचा आराखडा घेऊन ती भूगोल शिकली. हा चांगला वापर.

सोळा मुलाखती होतात. मग पाऊस, मग परीक्षा. चोवीस राहिल्या आणि सबमिशन सोमवारी. त्या रात्री चॅटबॉटला एवढंच सांगायचं असतं: 'या सोळा नोंदींसारख्या आणखी चोवीस तयार कर.' मिनिटभरात तक्ता हजर. आणि तक्ता फार देखणा असतो. कोणी सहा किलोमीटरवरून येतो, कोणी अकरा, कोणी चौदा. विक्री एकजात शेकड्यात. प्रत्येक रकाना भरलेला. खरा बाजार असा नसतो. त्यात साठ किलोमीटरवरून टेम्पोनं येणारा बांगडीवाला असतो, फक्त जांभळांच्या दिवसांत दोन पाट्या घेऊन बसणारी म्हातारी असते, 'तुम्ही नगरपरिषदेकडून आलात का?' म्हणून पुढे काहीच न सांगणारा एकजण असतो. हे तक्त्यात बसत नाहीत, आणि प्रकल्पात सांगण्यासारखं जे काही असतं ते यांच्याचपाशी असतं.

चोवीस बनावट नोंदी म्हणजे बनावट संशोधन. 'एआयची मदत घेतली' असं पहिल्या पानावर लिहिलं म्हणून ते खरं होत नाही. उलट सोळाच विक्रेत्यांचा प्रकल्प, सोळाच का झाले हे लिहून, निर्धास्तपणे सादर करता येतो. मला विचाराल तर तोच जास्त वजनाचा.

यावरून मदतीची हद्द बरीचशी दिसते. जे काम शिकण्यासाठी दिलं आहे, ते स्वतः करायचं. त्याच्या आजूबाजूच्या कामाला मदत घेता येते. भूगोलाच्या प्रकल्पात भाषा नीट करून घेतली तर बिघडत नाही, इंग्रजीच्या निबंधात बिघडतं, कारण तिथे भाषाच शिकायची असते. पहिल्या वर्षाच्या प्रोग्रॅमिंगमध्ये लिंक्ड लिस्ट स्वतः लिहावी लागेल. तिसऱ्या वर्षाच्या मोठ्या प्रकल्पात लॉगिनचा फॉर्म यंत्राकडून घेतला तर चालून जाईल, फक्त तोंडी परीक्षेत त्यातली कुठलीही ओळ दाखवून 'हे काय आहे?' म्हटलं तर सांगता आलं पाहिजे.

मदत घेतली की ती लिहायची. गोलमाल आभार नकोत, नेमकं काय ते हवं. उदाहरणार्थ: 'प्रश्नावलीचा पहिला मसुदा चॅटजीपीटीकडून घेतला. प्रत्यक्ष भेटीनंतर त्यातले ९ प्रश्न ठेवले, ७ नवे घातले. मसुदा परिशिष्टात जोडला आहे. मुलाखती, तक्ते आणि निष्कर्ष माझे आहेत.' चार वाक्यं. यानं गुण कापायचे नसतात, हे मात्र शिक्षकानं आधी सांगायला हवं, नाहीतर कोण कशाला लिहील?

४. टक्क्यांचा घोळ

"सर, प्लॅग ८ टक्के आलाय, म्हणजे सेफ ना?" इथे दोन निरनिराळी मोजमापं एकमेकांत मिसळलेली असतात.

पहिलं आहे साम्य. तुमचा मजकूर आधी छापलेल्या किंवा साठवलेल्या मजकुराशी किती जुळतो, ते सॉफ्टवेअर दाखवतं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या वाङ्‌मयचौर्यविषयक नियमांत याच्या पायऱ्या आहेत. १० टक्क्यांपर्यंत शिक्षा नाही. प्रबंधात १० ते ४० टक्के साम्य निघालं तर सहा महिन्यांच्या आत सुधारून पुन्हा द्यायचा, ४० ते ६० असेल तर वर्षभर सुधारित प्रबंध देता येत नाही, आणि ६० च्या वर गेलं तर नोंदणीच रद्द. हे नियम चॅटजीपीटीच्या चार वर्षं आधीचे. चॅटबॉट दर वेळी नवीन वाक्य जुळवतो, त्यामुळे त्यानं लिहिलेल्या अख्ख्या प्रकल्पाचं साम्य अगदी कमी येऊ शकतं. तेव्हा ८ टक्के याचा अर्थ 'छापील मजकुराची नक्कल फारशी नाही' एवढाच. तुम्ही लिहिलंय, हे त्यातून कळत नाही.

दुसरं मोजमाप म्हणजे 'एआय डिटेक्टर'. मजकूर माणसानं लिहिला की यंत्रानं, याचा तो शैलीवरून अंदाज बांधतो. खुद्द ओपनएआयनं जानेवारी २०२३ मध्ये असं एक साधन काढलं होतं. इंग्रजी मजकुरावरच्या त्यांच्याच चाचणीत यंत्रानं लिहिलेल्या मजकुरापैकी २६ टक्केच त्यानं ओळखला, आणि माणसानं लिहिलेल्यापैकी ९ टक्के मजकुरावर यंत्राचा शिक्का मारला. हे आकडे वर्गात आणून बघू. शंभर निबंध आले, त्यातले वीस यंत्राचे, ऐंशी स्वतः लिहिलेले. विसाचे २६ टक्के म्हणजे पाच पकडले गेले. ऐंशीचे ९ टक्के म्हणजे सात निरपराध अडकले. केबिनमध्ये बोलावलेल्या बारा जणांत सात जण निर्दोष, आणि ज्यांनी खरंच ढापलं त्यातले पंधरा कँटीनमध्ये. कमी अचूकतेचं कारण देऊन ओपनएआयनं जुलैत ते साधन मागे घेतलं.

आताचे डिटेक्टर याहून बरे असल्याचा दावा असतो. तरी अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठानं ऑगस्ट २०२३ मध्ये टर्निटिन या कंपनीचा एआय डिटेक्टर बंद केला, तेव्हाचा त्यांचा हिशेब सरळ होता. आदल्या वर्षी ७५,००० निबंध तपासले गेले होते. कंपनी म्हणते तशी चूक एक टक्काच धरली, तरी सुमारे ७५० निबंधांवर खोटा आळ येतो.

आपल्याकडे याला आणखी एक बाजू आहे, आणि मला ती सर्वांत गंभीर वाटते. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२३ मध्ये सात डिटेक्टरांना टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेतले ९१ निबंध दिले. इंग्रजी ही मातृभाषा नसलेल्यांनी ते लिहिले होते. सरासरी ६१ टक्के निबंधांना डिटेक्टरांनी 'यंत्राचं लेखन' ठरवलं. अमेरिकेतल्या आठवीच्या मुलांचे निबंध मात्र जवळपास सगळे बरोबर ओळखले. कारण असं, की साधे शब्द आणि ठरावीक वाक्यरचना दिसली की डिटेक्टर यंत्राचा संशय घेतो, आणि परक्या भाषेत लिहिणारा माणूस साधेच शब्द वापरतो. पुढची गोष्ट त्याहून मजेची. तेच निबंध चॅटजीपीटीला देऊन शब्दसंग्रह वाढवून घेतला, तर खोटा आळ एकदम कमी झाला! म्हणजे बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली मुलगी डिक्शनरी उघडून कष्टानं इंग्रजी निबंध लिहिते आणि सापडते. जो यंत्राकडून भाषा नटवून आणतो तो सुटतो.

मे २०२३ मध्ये टेक्ससमधल्या एका शिक्षकानं तर विद्यार्थ्यांचे निबंध चॅटजीपीटीलाच दाखवून 'हे तू लिहिलंस का?' असं विचारलं आणि 'हो' आलेल्यांना शून्य देऊन टाकलं. पहिला विभाग वाचलेल्याला या 'हो'ची किंमत सांगायला नको.

मग पुरावा कशाला मानायचा? कच्च्या खर्ड्यांना, गूगल डॉक्समधल्या बदलांच्या नोंदीला, बाजारात भरलेल्या चुरगळलेल्या प्रश्नावल्यांना आणि समोरासमोरच्या बोलण्याला. विद्यार्थ्यांनीही खर्डे फेकू नयेत. आळ आला तर तेच कामी येतात.

५. काय टाकायचं नाही

चॅटबॉटच्या खिडकीत टाकलेला मजकूर कंपनीच्या सर्व्हरवर जातो. अनेक सेवांच्या सेटिंगमध्ये तुमची संभाषणं प्रशिक्षणासाठी वापरू द्यायची की नाही, हा पर्याय असतो; बहुतेकांनी तो कधी उघडलेला नसतो. म्हणून वर्गाची गुणांची यादी, कोणाचा आधार क्रमांक, समाजकार्याच्या विद्यार्थिनीनं घेतलेली एखाद्या पीडितेची मुलाखत, नर्सिंगच्या विद्यार्थ्याकडचा केसपेपर, यातलं काहीही तिथे चिकटवायचं नाही. नाव-गाव काढलं तरी छोट्या गावात माणूस ओळखू येतो. २०२३ मध्ये व्यक्तिगत डेटा संरक्षणाचा कायदाही झाला आहे. पण कायदा नसता तरी, विश्वासानं बोललेल्या माणसाची गोष्ट परस्पर तिसऱ्याच्या हाती द्यायची नसते.

६. टेबलाच्या पलीकडे

सगळा उपदेश विद्यार्थ्यांना करून भागणार नाही. गाइड आणि अपेक्षित प्रश्नसंच यंत्राच्या कितीतरी आधीचे. एका हुशार मुलाचं जर्नल अख्ख्या बॅचमधून फिरायचं, कॉलेजबाहेर झेरॉक्सच्या दुकानात तयार प्रकल्प मिळायचे, आणि सह्या होतच होत्या. 'जागतिकीकरणाचे फायदे-तोटे लिहा' असा प्रश्न वर्षानुवर्षं टाकणाऱ्यानं यंत्राच्या नावानं खडे फोडू नयेत. 'तुमच्या घरातल्या तीन वस्तू निवडा आणि त्या कुठून कुठे फिरत आल्या ते दुकानदाराला विचारून लिहा', असं विचारलं तर यंत्राला दुकानात जाता येत नाही.

शिक्षकही चॅटबॉट वापरतात. तासिका तत्त्वावर दोन-तीन कॉलेजं करणाऱ्या प्राध्यापकानं सराव प्रश्नसंच त्यावर तयार केला तर मी त्याला दोष देणार नाही, मात्र उत्तरसूची स्वतः सोडवून बघायची. उत्तरपत्रिका तपासून घेणं वेगळं. तिथे विद्यार्थ्यांना सांगितलेलं असावं, आणि गुण माणसानं वाचून द्यावेत.

नियम कॉलेजच्या वेबसाइटवर इंग्रजीत पडून असण्यापेक्षा प्रत्येक असाइनमेंटच्या कागदावर मराठीत एक ओळ असलेली बरी: या कामात एआय अजिबात नको, किंवा प्रश्नावली आणि भाषेपुरतं चालेल, किंवा मोकळेपणानं वापरा पण काय वापरलं ते लिहा.

आणि तोंडी परीक्षा. 'एवढा वेळ कुठून आणायचा?' असं सगळे म्हणतात, तर हिशेब करू. प्रॅक्टिकलची वीस जणांची बॅच, प्रत्येकाला पाच मिनिटं, म्हणजे शंभर मिनिटं. दोन तासांच्या प्रॅक्टिकलमध्ये बसतं. वाणिज्य शाखेच्या एकशेवीस जणांच्या तुकडीला दहा तास लागतील. ते जमणार नाही. तिथे तीस जणांच्या चिठ्ठ्या काढायच्या, अडीच तासांत संपतं. प्रश्न दोनच: हा निष्कर्ष कशावरून काढला, आणि यातलं कोणतं वाक्य तुला स्वतःला अजून नीट पटलेलं नाही? चिठ्ठ्या मात्र सगळ्यांचं सबमिशन हातात आल्यावर काढायच्या. आधी काढल्या, तर उरलेले नव्वद जण त्या रात्री काय करतील ते सांगायला ज्योतिषी नको.